बूट का चावतो?

जून उजाडतो, शाळा सुरू होतात आणि पहिल्या आठ-दहा दिवसांत जवळजवळ प्रत्येक वर्गात दोन-तीन मुले लंगडताना दिसतात. गणवेश नवा, दप्तर नवे, पायातले बूटही नवे. त्यात पाऊस. बूट भिजलेले, मोजे ओले. काय झाले म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले असते, "सर, बूट चावतो."

मराठीत बूट चावतो आणि चप्पलही चावते. चावण्यासाठी लागणारे दात मात्र दोघांनाही नाहीत. मग चावते ते काय?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो आठवीत असताना. २६ जानेवारीच्या संचलनासाठी माझी निवड झाली होती. बूट घरच्या रिवाजाप्रमाणे वाढत्या पायाचे, म्हणजे दोन नंबर मोठे घेतलेले आणि पुढे कापूस कोंबलेला. तीन दिवसांच्या सरावानंतर दोन्ही टाचांवर रुपयाएवढे फोड आले. शिकवणाऱ्या गुरुजींना सांगितले, तर ते म्हणाले, "शिपायी असा कुरकुरत नाही." मी गप्प बसलो. पुढे बऱ्याच वर्षांनी घर्षण या विषयावरचे जुने शोधनिबंध चाळताना लक्षात आले, की गुरुजींचे म्हणणे इतिहासाला धरून नव्हते. शिपायी चांगलाच कुरकुरत होता. पायावरच्या फोडांविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातला बराच मोठा भाग शिपायांच्या कुरकुरीतूनच आलेला आहे. ती गोष्ट इथे सांगायची आहे.

एक फोड आणि एक मृत्यू

फोड ही तशी क्षुल्लक बाब, असे आपण मानतो. ती नेहमीच क्षुल्लक असते असे नाही. ३० जून १९२४ रोजी अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा धाकटा मुलगा, त्याचेही नाव कॅल्विनच, व्हाइट हाउसच्या मैदानावर आपल्या भावाबरोबर टेनिस खेळला. पायात बूट होते, पण मोजे नव्हते. पायाच्या एका बोटावर फोड आला. त्याने सुरुवातीला त्याकडे लक्ष दिले नाही. फोडाच्या जागेतून स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचे जीवाणू शरीरात शिरले आणि रक्तात पसरले. देशातले नामवंत डॉक्टर उशाशी होते. त्यांना करता येण्यासारखे फारसे काही नव्हते. ७ जुलै रोजी, म्हणजे खेळानंतर अवघ्या आठवड्याभरात, मुलगा गेला.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला तो १९२८ साली, आणि औषध म्हणून ते लोकांपर्यंत पोचायला १९४० चे दशक उजाडावे लागले. आज असा मृत्यू क्वचितच होईल. पण त्वचा ही आपली तटबंदी आहे आणि फोड म्हणजे त्या तटबंदीला पडलेले खिंडार आहे, ही गोष्ट आजही तेवढीच खरी आहे.

डावा-उजवा नसलेले बूट

आता थोडे मागे जाऊ. तुमच्या वर्गातल्या मुलांना एक प्रश्न विचारून पाहा : डाव्या पायाचा बूट उजव्या पायात घातला तर काय होईल? सगळी हसतील. पण युरोपात सुमारे दोनशे वर्षे हा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण बुटांना डावे-उजवे नव्हतेच!

बूट तयार करताना चांभार पायाच्या आकाराच्या लाकडी साच्यावर चामडे ताणून बसवतो. या साच्याला कलबूत म्हणतात. इसवी सन १६०० च्या आसपास युरोपात उंच टाचेच्या बुटांची चाल पडली. टाच असलेल्या बुटासाठी एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब शोभतील असे दोन कलबूत कोरणे हे किचकट आणि खर्चाचे काम. म्हणून कारागिरांनी सोपी वाट काढली. एकच सरळ, दोन्ही बाजूंनी सारखा कलबूत वापरायचा आणि त्यावर जोडीतले दोन्ही बूट करायचे. कोणता बूट कोणत्या पायाचा हे पुढे पायांनीच ठरवायचे. सैन्यात तर बूट सारखे झिजावेत म्हणून शिपायांनी रोज त्यांची अदलाबदल करावी असा दंडक असे. म्हणजे बूट पायाच्या आकाराला जरा सरावतो आहे तोच तो दुसऱ्या पायात! त्या शिपायांच्या टाचांची आणि बोटांची काय अवस्था होत असेल याची कल्पना केलेली बरी.

या प्रकाराकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहणारा एक गृहस्थ म्हणजे पेट्रस काम्पर (१७२२–१७८९) हा डच शरीररचनाशास्त्रज्ञ. १७८१ साली त्याने उत्तम बूट कसा असावा यावर एक पुस्तिका लिहिली. एवढ्या मोठ्या विद्वानाने असा हलका विषय घ्यावा याचे त्या काळी अनेकांना नवल वाटले असणार. काम्परचे म्हणणे सरळ होते. घोडे, खेचरे, बैल यांच्या पायांची निगा राखण्यासाठी माणूस केवढा खटाटोप करतो. स्वतःच्या पायांकडे मात्र ढुंकून पाहत नाही. नाल ठोकताना खुराचा आकार बघितला जातो. बूट शिवताना पायाचा आकार कोण बघतो?

काम्परने प्रश्न विचारला. त्याला भूमितीची जोड दिली ती झुरिकच्या गेऑर्ग हेर्मान फॉन मायर या प्राध्यापकाने. हाडांच्या आतली जाळीदार रचना आणि हाडावर येणारा भार यांचा संबंध दाखवणारा शास्त्रज्ञ म्हणून तो पुढे प्रसिद्ध झाला. १८५८ साली त्याने बुटाच्या योग्य आकारावर एक छोटे पुस्तक लिहिले. १८६० मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाला, त्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो 'बूट का चावतो'. या लेखाचे शीर्षक मी तिथूनच उचलले आहे.

मायरचा मुद्दा वर्गात पाच मिनिटांत करून बघता येतो. एका मुलाला कोऱ्या कागदावर अनवाणी उभे करा आणि पावलाभोवती पेन्सिल उभी धरून बाह्यरेषा काढा. आता अंगठ्याच्या मध्यातून मागे एक सरळ रेष ओढा. निरोगी, मोकळ्या वाढलेल्या पावलात ही रेष टाचेच्या मध्यातून जाते. ही 'मायरची रेष'. पाऊल उचलताना शरीराचा भार टाचेकडून अंगठ्याकडे साधारण याच रेषेवरून सरकतो. आता त्याच मुलाचा बूट दुसऱ्या कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढा. पुष्कळ बुटांचे टोक मध्यावर निमुळते होत गेलेले दिसेल. म्हणजे पावलाचे टोक आतल्या बाजूला, अंगठ्यापाशी, आणि बुटाचे टोक मध्यावर. दोन्ही आकृत्या एकमेकींवर ठेवल्या की कुणाला कुठे दाटीवाटी होणार ते आपोआप कळते. अंगठा बाहेर ढकलला जातो, करंगळी आत दाबली जाते, आणि जिथे दाब तिथे आधी फोड, पुढे घट्टा किंवा कुरूप.

दरम्यान डावे-उजवे बूट परत येऊ लागले होते. त्याला यंत्राचाही हातभार लागला. अमेरिकेतल्या थॉमस ब्लँचर्डने १८१९ साली बंदुकीचे लाकडी दस्ते कोरण्यासाठी एक यंत्र केले होते. नमुन्याच्या वाकड्यातिकड्या आकाराची हुबेहूब नक्कल ते करी. अशाच यंत्रांवर पुढे कलबूत कोरले जाऊ लागले. हाताने जे काम जिकिरीचे होते ते यंत्राने सोपे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डावा आणि उजवा असे वेगळे बूट सर्रास मिळू लागले.

पाण्यात उभा राहिलेला शिपायी

तरीही शिपायी लंगडतच होता. अखेर अमेरिकन सैन्याने १९०८ साली खास बुटांसाठी एक मंडळ नेमले. एडवर्ड मन्सन हे लष्करी डॉक्टर त्याचे प्रमुख होते. मंडळाने चार वर्षे सुमारे दोन हजार सैनिकांची पावले तपासली, वेगवेगळे बूट घालून त्यांना चालवले, आणि क्ष-किरणांनी बुटाच्या आतल्या पावलाची छायाचित्रेही घेतली. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा पुरती पंधरा वर्षेही झाली नव्हती. १९१२ साली मन्सन यांचे पुस्तक आले आणि त्यांनी सुचवलेला, अंगठ्याकडे सरळ आणि पुढे रुंद असा कलबूत सैन्याने स्वीकारला.

त्या वर्षी निघालेल्या लष्करी आदेशातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. पहिली अशी, की पायाचे माप बसवून घ्यायचे नाही. शिपायाच्या पाठीवर ४० पौंडांचे, म्हणजे सुमारे १८ किलोचे ओझे द्यायचे, त्याला सगळा भार एका पायावर घ्यायला लावायचा आणि मग माप घ्यायचे. कारण भार पडला की पाऊल पसरते. दुसरी अशी, की नवे बूट घालून शिपायाने सुमारे अडीच इंच पाण्यात पाच मिनिटे उभे राहायचे आणि नंतर बूट पायातच सुकेपर्यंत तासभर चालायचे. ओले चामडे मऊ होते आणि सुकताना ज्या पावलावर ते सुकते त्याचा आकार घेते. म्हणजे शिपायाचे स्वतःचे पाऊलच शेवटचा कलबूत!

कोल्हापुरी चप्पल नवी असताना चावते आणि तेल पाजून, वापरून वापरून मऊ पडली की पायाला जणू चिकटून बसते, हा आपला अनुभव याच जातीचा आहे. चामडे पायाशी जुळवून घेते. रबर आणि प्लास्टिक तसे घेत नाही. म्हणून हल्लीचा कृत्रिम चामड्याचा बूट सुरुवातीलाच नीट बसला नाही, तर 'वापरून सैल होईल' ही आशा बहुधा फोल ठरते. त्यावर मन्सन यांचा पाण्याचा उपायही चालणार नाही.

इथे मापाच्या आकड्यांविषयी थोडे सांगायला हवे. दुकानात आपण सहा नंबर, सात नंबर म्हणतो ते इंग्रजी माप. त्याचे मूळ जवाच्या दाण्यात आहे. तीन दाण्यांचा एक इंच, आणि एका नंबरचा फरक म्हणजे एक दाणा, सुमारे साडेआठ मिलिमीटर. हा आकडा फक्त लांबी सांगतो, रुंदीबद्दल तो मुका आहे. २०२१-२२ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या पाहणीत देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली गेली. भारतीय पाऊल सर्वसाधारणपणे युरोपीय-अमेरिकन पावलापेक्षा रुंद असल्याचे तीत दिसले, आणि 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. रुंद पायासाठी लोक नंबर वाढवून घेतात. मग बूट रुंदीला बसतो, पण लांबीला सैल पडतो आणि टाच आत वरखाली होते. माझ्या कापूस कोंबलेल्या बुटांची गत हीच होती. चावायला बूट घट्टच असावा लागतो असे नाही.

घासण्याने की ताणण्याने?

आतापर्यंतच्या सगळ्या मंडळींनी बुटाकडे पाहिले. त्वचेत नेमके काय होते हे कोणी पाहिले नव्हते. ते काम विसाव्या शतकाच्या मध्यावर झाले. ब्रिटनमध्ये नेलर या त्वचारोगतज्ज्ञाने १९५५ साली पायाच्या नडगीवरची त्वचा यंत्राने घासून तिचे घर्षण मोजले आणि मुद्दाम फोडही तयार केले. १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी रुग्णालयात मॅरिअन सुल्झबर्गर आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांवर असेच प्रयोग अधिक विस्ताराने केले.

त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. तळहात, तळपाय, टाच अशा जाड आणि खालच्या भागाला घट्ट चिकटलेल्या त्वचेवर पाणी भरलेला फोड येतो. पातळ त्वचेवर मात्र तितकेच घासले तर फोड न येता नुसतेच सालटे निघते. का बरे?

त्यासाठी फोड कुठल्या थरात होतो ते पाहावे लागेल. आपल्या बाह्यत्वचेत सगळ्यात वर मृत पेशींचा चिवट शृंगी थर असतो. त्याच्या खाली जिवंत पेशींचे थर असतात आणि तळाशी नव्या पेशी तयार करणारा थर. चीर पडते ती शृंगी थरात नव्हे, तर त्याच्या खालच्या जिवंत पेशींच्या थरात, जिथे पेशी काट्यांसारख्या धाग्यांनी एकमेकींना धरून असतात. वरचे छप्पर शाबूत राहते आणि आतला मजला सुटतो. त्या पोकळीत खालून पाणी झिरपते. हे पाणी रक्तातल्या द्रवासारखेच असते, फक्त प्रथिने कमी. पातळ त्वचेत छप्परच तकलादू, ते आधी झिजून जाते. म्हणून तिथे फोड धरत नाही.

वर शाबूत आणि आत तुटलेले, हे कसे घडते? एक प्रयोग करा. उजव्या हाताचे बोट डाव्या हाताच्या मागच्या बाजूला टेकवा आणि घसरू न देता पुढेमागे हलवा. बोट त्वचेवर घासले नाही, तरी त्वचा हाडावरून पुढेमागे सरकली. आता पत्त्यांचा जोड टेबलावर ठेवा आणि वरच्या पत्त्यावर तळवा टेकवून तो हलकेच बाजूला न्या. वरचा पत्ता हाताला धरून आहे, तळचा टेबलाला धरून आहे, आणि मधले पत्ते एकमेकांवरून सरकताहेत. भौतिकशास्त्रात याला कर्तन म्हणतात.

चालताना टाचेचे हाड प्रत्येक पावलाला वरखाली होते. त्वचेचा पृष्ठभाग मात्र घर्षणामुळे मोज्याला आणि मोजा बुटाला धरून असतो. हाड सरकते, पृष्ठभाग सरकत नाही, मग मधल्या थरांची ओढाताण होते. एकदा-दोनदा झाले तर काही बिघडत नाही. पण सत्तर सेंटिमीटरच्या पावलाने दहा किलोमीटर चालले तर चौदा हजारांहून अधिक पावले पडतात, म्हणजे प्रत्येक टाचेला सुमारे सात हजार हिसके. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसाच हा प्रकार. घर्षण जितके जास्त तितक्या कमी हिसक्यांत फोड येतो.

म्हणजे फोडाचे कारण 'घासले गेले' हे अर्धेच उत्तर झाले. पुष्कळदा त्वचा घासली जात नाही, ती धरून ठेवली जाते, हीच अडचण असते.

ओला, कोरडा आणि दमट

घामाचे कोडे इथेच सुटते. वहीची पाने उलटताना किंवा नोटा मोजताना आपण बोट किंचित ओले करतो. कशासाठी? पकड यावी म्हणून. म्हणजे जरासा ओलावा घर्षण वाढवतो. नेलरच्या मोजमापांत नेमके हेच दिसले : अगदी कोरडी त्वचा सहज घसरते, पूर्ण निथळती ओली त्वचाही घसरते, मधली दमट त्वचा मात्र धरून बसते. आणि बुटातला पाय बहुतेक वेळ दमटच असतो. जूनमधल्या ओल्या मोज्यांचा छळ तो हाच.

जुन्या शिपायांनी यावर आपापल्या परीने तोडगे काढले होते. मोज्याला आतून साबण किंवा चरबी चोळणे हा त्यांपैकी एक. रशियन सैन्यात तर मोज्याऐवजी पायाला कापडाची पट्टी गुंडाळण्याची पद्धत अगदी २०१३ पर्यंत टिकून होती. ओला भाग वर घेऊन कोरडा भाग पायाशी आणता येतो आणि पट्टी लवकर वाळते हा तिचा गुण. नीट गुंडाळता आली नाही तर तिचीच घडी चावते हा दोष. तेलकट पदार्थांविषयी मात्र प्रयोगांनी सावध केले आहे. त्यांतल्या काहींमुळे घर्षण सुरुवातीला घटते आणि काही वेळाने मूळच्यापेक्षाही वाढते.

मोज्यांचा इतिहास शिक्षकांनी आवर्जून सांगावा असा आहे, कारण विज्ञान चुकत-सुधारत कसे पुढे जाते ते त्यात दिसते. १९९० साली धावपटूंवर झालेल्या एका अभ्यासात ॲक्रिलिक धाग्याच्या मोज्यांनी सुती मोज्यांपेक्षा कमी फोड आले. लोकांनी निष्कर्ष काढला, की कापूस वाईट आणि ॲक्रिलिक चांगले. त्याच संशोधकांनी १९९३ साली दाट गादी नसलेले, साध्या विणीचे मोजे घेऊन पुन्हा तपासले, तर फरक नाहीसा झाला! म्हणजे नुसता धागा नव्हे, विणीचा दाटपणाही महत्त्वाचा. १९९६ मध्ये अमेरिकन मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणात तीन प्रकार तपासले गेले. नेहमीच्या मोज्यांत ६९ टक्के जणांना फोड आले. त्याच मोज्यांखाली पॉलिएस्टरचा पातळ मोजा घातला तर ७७ टक्के जणांना आले. पातळ मोज्यावर खास जाड, दाट विणीचा मोजा घातला तेव्हा ते ४० टक्क्यांवर उतरले. पण डॉक्टरकडे जावे लागण्याइतका गंभीर त्रास पाहिला तर आकडे अनुक्रमे २४, ९ आणि ११ टक्के! दोन मोजे घातले की हिसका त्वचेत न जाता दोन मोज्यांच्या मध्ये जिरतो. फोडांची संख्या कमी झाली नाही तरी त्यांची तीव्रता घटू शकते. कोणता आकडा मोजायचा यावर निष्कर्ष किती अवलंबून असतो, हे मोठ्या वर्गांतल्या मुलांशी बोलण्यासारखे आहे.

१९९८ मध्ये घामच थांबवून पाहिला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत छात्रांच्या पायाला घाम रोखणारे ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण लावून त्यांना २१ किलोमीटर चालवले. ज्यांनी ते आधीच्या किमान तीन रात्री लावले होते, त्यांच्यात फोडांचे प्रमाण २१ टक्के आणि नुसते औषधविरहित द्रावण लावलेल्यांत ४८ टक्के होते. उपाय लागू पडला. पण औषध लावलेल्यांपैकी ५७ टक्क्यांची त्वचा चुरचुरू लागली. दुसऱ्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते. रोगापेक्षा इलाज भयंकर, असे म्हणण्याजोगेच हे. उलट २०१६ साली २५० किलोमीटर पळणाऱ्या धावपटूंवर तपासलेला उपाय अगदी साधा होता. जिथे फोड येण्याचा संभव आहे तिथे आधीच जखमेवर लावतात तशी कागदी चिकटपट्टी लावायची. त्याने फोड बरेच कमी झाले.

न चावणारा बूट

या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पान मात्र आपल्या देशात लिहिले गेले. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले. तिथे त्यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवरच्या जखमा पाहिल्या. रोगानेच मांस सडते आणि बोटे गळतात, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. ब्रँड यांनी रुग्णांचे रोजचे चालणे-बोलणे बारकाईने पाहिले आणि वेगळाच उलगडा केला. रोगाने मज्जातंतू बधिर होतात. पायाला वेदना कळत नाही. तुमच्या-माझ्या टाचेवर दाब आला की आपण नकळत चाल बदलतो, लंगडतो, थांबून खडा काढतो. या रुग्णांना ते कळतच नसे. बूट चावत होता, पण चावल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नव्हता. ते फोडावरच चालत, फोडाची जखम होई, जखम हाडापर्यंत जाई.

मग उपाय काय? वेल्लोर परिसरात मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या तळव्याच्या चपला तयार झाल्या. दाब एका जागी न साठता सगळ्या तळव्यावर वाटला जावा हे त्यांचे तत्त्व. अशा चपलांनी असंख्य पाय वाचले. मधुमेहात ज्यांचे पाय बधिर होतात त्यांनाही आज याच तत्त्वावरची पादत्राणे देतात. घरातल्या मधुमेही माणसाने रोज रात्री पायाचे तळवे पाहावेत, नवी चप्पल थोडा थोडा वेळच वापरावी आणि फोड दिसला तर घरगुती उपाय न करता डॉक्टरकडे जावे, हे मुलांनी घरी जाऊन आवर्जून सांगावे.

चावणारा बूट हा म्हणूनच एका अर्थी भाग्याचा. वेदना ही तक्रार नसते, ती माहिती असते.

वर्गात काय करता येईल?

बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतात. माप उभ्याने, दोन्ही पायांचे घ्यावे आणि मोठ्या पायाचे धरावे. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी, पण टाच उचलली जाऊ नये. नवे बूट पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास असे वाढवावेत. हळूहळू वाढवलेला भार त्वचा सोसते. कुदळ धरणाऱ्या हाताला घट्टे पडतात ते तसेच. दप्तरात कोरड्या मोज्यांचा एक जोड असावा. टाचेवर ऊन ऊन लागू लागले, की फोड येण्याआधीच पट्टी लावावी.

आणि फोड आलाच तर? त्याचे छप्पर काढू नये. ती आयती मलमपट्टी आहे. तिच्याखाली सहा तासांतच तळच्या पेशी कामाला लागतात, चोवीस तासांत त्यांचे विभाजन जोरात चालू होते आणि साधारण पाच दिवसांत नवा शृंगी थर दिसू लागतो. फोड आपण होऊन फुटला तर साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ झाकावा. भोवती लाली पसरू लागली, पू झाला किंवा ताप आला तर थांबू नये. सोळा वर्षांच्या कॅल्विनची गोष्ट आठवावी. त्याच्या वेळी जे औषध नव्हते ते आज आहे, फक्त वेळेवर डॉक्टरकडे पोचायला हवे.

राहता राहिला शिक्षकांचा वाटा. एका तासाला सगळ्या वर्गाची पावले आणि बूट कागदावर उतरवून घ्या, मायरची रेष ओढायला लावा, किती मुलांचे बूट लहान, किती जणांचे मोठे याचा तक्ता करा. घर्षणाचा धडा पुस्तकातून शिकवण्याआधी हा तास घेतला तर धडा अर्धा शिकवून झालेला असेल. त्या तक्त्यात एखादा बूट दोन नंबर मोठा निघेल, एखादा थोरल्या भावाचा असेल. त्या मुलाला हसू मात्र देऊ नका.

आणि पुढच्या जूनमध्ये एखादे मूल लंगडत येऊन म्हणाले, "सर, बूट चावतो", तर त्याला शिपायाचे उदाहरण देऊ नका. बूट काढायला सांगा, पाय बघा, आणि बरे वाटेपर्यंत दोन दिवस चपलेत यायची परवानगी द्या. गणवेश दोन दिवस अपुरा राहिला तर शाळेचे काही बिघडत नाही.